घरघर

"फ्रिज बंद केलास?"

"केला."

"पंखा?"

"बाबा, घामाने वही चिकटतेय हाताला. पंखा मगाशीच बंद केला."

"मोबाइल?"

"तोही."

"बरं. आता एक मिनिट हलायचं नाही. पानसुद्धा उलटू नकोस."

लेकीने पेन हवेतच धरलं. तिची मोठी परीक्षा तोंडावर आली होती आणि टेबलाच्या अर्ध्या भागावर तिची पुस्तकं होती; उरलेल्या अर्ध्यावर बापाचा लॅपटॉप आणि वायरींचं भेंडोळं. भिंतीला चिकटपट्टीने बोटाएवढा मायक्रोफोन लावलेला होता. आतल्या खोलीत रात्रपाळी करून आलेली बायको झोपली होती. तिचा श्वास ऐकू येऊ नये म्हणून दाराखालच्या फटीत टॉवेल खुपसलेला होता.

मिनिट संपलं. बापाने, म्हणजे लूपसरांनी, प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर आलेख उमटला. तळाला एक थरथरती बारीक रेघ आणि तिच्यातून वर आलेले दोन-तीन सुळके.

"हा सेकंदाला पन्नास कंपनांचा, विजेच्या तारांचा," ते पुटपुटले. "हा रस्त्यावरून येतोय. आणि हा... हा कशाचा गं?"

"माझं पोट वाजलं असेल. भूक लागलीये."

ते हसले नाहीत. पूर्वी हसले असते. "ऐक ना जरा. आत्तासुद्धा आहे. लांब कुठेतरी ट्रक उभा करून इंजिन चालूच ठेवलंय, तसा. घर्रर्र... अगदी खालचा सूर."

लेकीने मनापासून कान दिला. बापासाठी तरी काहीतरी ऐकू यावं, असं तिला फार वाटत होतं.

"नाही येत, बाबा."

"लक्ष नाही तुझं," ते म्हणाले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

लूपसर हे मुलांनी ठेवलेलं नाव. शाळेत ते संगणक शिकवत. एकच काम संगणकाकडून पुन्हा पुन्हा करून घ्यायच्या युक्तीला लूप म्हणतात, आणि ती समजावताना सर प्रत्येक वाक्य तीनतीनदा म्हणत. नाव इतकं रुळलं की इमारतीतले लोकही तेच म्हणू लागले. पन्नाशीला टेकलेला, वेळेवर जाणारा, वेळेवर येणारा, कळफलकातला कचरा जुन्या टूथब्रशने स्वतः साफ करणारा माणूस. त्यांच्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नव्हतं आणि त्याची त्यांना खंतही नव्हती.

मग एका सकाळी दाढी करताना त्यांना ती घरघर ऐकू आली. त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. रस्ता रिकामा होता. संध्याकाळी शाळेतून आल्यावर बूट काढले, घरात शांतता होती, आणि त्या शांततेच्या तळाशी ती तशीच चालू होती. आठवड्याभरात त्यांच्या लक्षात आलं की ती थांबतच नाही. वर्गातल्या गोंगाटात ती दबते, घरी आलं की पुन्हा वर येते. जेवताना तीच, वाचताना तीच. डोकं उशीवर टेकलं की उशीतूनच येतेय असं वाटायचं.

ते शोधायला लागले. आधी फ्रिज, मग गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा पंप, मग जिन्यातला दिवा. प्रत्येक गोष्ट बंद करून पाहिली. मग त्यांनी इंटरनेटवर वाचलं की कुठलाही आवाज फोडून त्यातले सूर वेगळे करता येतात. फूरिए ट्रान्सफॉर्म असं त्या गणिताचं नाव होतं, आणि पायथनमध्ये ते करायला चार ओळी पुरत. मुलांना आकड्यांच्या बेरजा शिकवायला ते जी भाषा वापरत, तीच. ध्वनिमुद्रणाची फाइल उघडायची, तिच्यातले आकडे काढायचे, ते त्या गणिताला द्यायचे, जे येईल त्याचा आलेख काढायचा. उत्तराचा दुसरा अर्धा भाग पहिल्याचंच प्रतिबिंब असतो, तो टाकून द्यायचा. पहिल्यांदा तो आलेख आला तेव्हा त्यांना रडूच आलं. आता पुरावा मिळणार होता.

त्या उत्साहात त्यांनी अभ्यासक्रमात नसताना नववीच्या वर्गाला तो धडा शिकवला. "समजा, डबाभर बटणं आहेत. लहान, मोठी, सगळी मिसळलेली. हा प्रोग्रॅम म्हणजे चाळण्यांची उतरंड. एका चाळणीत एकाच मापाची बटणं. कुठल्या मापाची किती, ते कळतं. कुठल्या मापाची किती, ते कळतं. कुठल्या मापाची किती, ते कळतं."

मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "सर, मग आपल्या वर्गाचा गोंगाट यात टाकला तर कोण बोलतंय ते कळेल?"

"प्रयत्न केला तर कळेल."

"मग राहू दे सर. बटणं मिसळलेलीच बरी."

वर्ग खो खो हसला. त्या हसण्याच्या आवाजात घरघर क्षणभर बुडाली आणि सरांना वाटलं, हे असेच हसत राहावेत, तास संपूच नये.

पण तास संपायचा. घरी येऊन ते पुन्हा भिंतींना मायक्रोफोन लावत. आलेखातला प्रत्येक सुळका कुणाचा तरी निघे. तळमजल्यावर औषधांचं दुकान होतं, तिथल्या मोठ्या शीतकपाटाचा एक सुळका सापडला. लूपसर लॅपटॉप उघडाच धरून खाली गेले.

"तुमच्या या कपाटामुळे माझं जगणं मुश्कील झालंय," ते औषधवाल्यांना म्हणाले.

औषधवाले समजूतदार माणूस. त्यांनी गिऱ्हाइकाला बाजूला थांबवून कपाट बंद केलं. "आता?"

सरांनी कान दिला. रस्त्यावर माणसं बोलत होती, कुठेतरी शटर ओढलं गेलं. आणि खाली, तळाशी, घर्रर्र.

"आता थांबलं का, सर?"

"नाही."

"मग चालू करू ना? आत इन्सुलिन आहे." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "सर, राग मानू नका, पण एकदा कुणाला तरी दाखवून या."

हे ऐकायची आता सवय झाली होती. बायकोही तेच म्हणत होती. ती प्रसूतिगृहात नर्स. सगळी इमारत तिला सिस्टर म्हणे. कुणाला इंजेक्शन द्यायचं असो, कुणाचं बाळ दूध ओढत नसो, ड्यूटीवरून येतानाच जिन्यात तिला अडवत.

"कानाच्या डॉक्टरकडे जाऊ या," ती म्हणाली. "माझ्या ओळखीच्या बाई आहेत."

"माझे कान तुम्हां सगळ्यांपेक्षा चांगले आहेत. तुम्हाला ऐकू येत नाही ते मला येतंय."

"कानात बोळे घातल्यावर थांबतो का आवाज?"

त्यांनी एक वायर गुंडाळायला घेतली. "खालचे सूर हाडांतून आत जातात. बोळ्यांचा उपयोग नसतो."

"अस्सं. म्हणजे या इमारतीत हाडं फक्त तुम्हालाच दिलीयेत देवाने."

"थट्टा कर तू."

"थट्टा नाही हो करत." ती पलंगाच्या काठावर बसली. "दहा तास बायकांच्या किंकाळ्या ऐकून येते मी. घरी आल्यावर म्हणता, कूस बदलू नकोस, पलंग वाजतो. मी कशी झोपू ते सांगा."

तेही झोपत नव्हते. शाळेत मधल्या सुट्टीत ते स्वच्छतागृहात जाऊन नळ पूर्ण सोडत आणि पाण्याच्या आवाजात डोळे मिटून उभे राहत. एकदा गच्चीवर मायक्रोफोन फिरवताना ते कठड्याशी थांबले, खाली पाहिलं, आणि मनात आलं की इथून गेलो तर थांबेल. विचार इतका सरळ आला, जसा 'दूध संपलंय' हा विचार येतो. ते दचकून मागे सरकले, जिन्यात येऊन बसले. त्यांनी हे कुणालाही सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात लेकीने पिशवी भरली.

"मी मावशीकडे जाते, बाबा. परीक्षा होईपर्यंत."

"का? तिथे एकच खोली. भाच्यांचा दंगा. टीव्ही दिवसभर चालू."

"म्हणूनच," ती म्हणाली. तिने त्यांच्याकडे न बघताच चेन ओढली. "तिथे आवाज असतो."

लेक गेली आणि घर आणखी शांत झालं. जणू कुणी घरघरीवरचं झाकण काढून घेतलं. लूपसरांनी सुट्टी टाकली. आता ते लांब मुद्रणं करत होते, कारण जितका वेळ जास्त तितके जवळजवळचे सूरही सुटे होतात. दहा मिनिटांच्या एका मुद्रणात त्यांना ती रेघ दिसली. सत्त्याण्णववर. बारीक, उंच, सुईसारखी. विजेच्या पन्नासच्या पाढ्यात न बसणारी. आपल्या कानातला सूर शंभराच्या अलीकडेपलीकडे असावा, असा त्यांचा कधीपासूनचा अंदाज होता. त्यांनी मायक्रोफोन स्वयंपाकघरात लावला, मग न्हाणीत, मग जिन्याच्या भिंतीला. रेघ सगळीकडे होती. इमारतीतच कुठेतरी मोटर होती.

जुन्या फायली काढल्या तर त्यांत ती रेघ नव्हती. तीन आठवड्यांपूर्वीपासूनच दिसत होती, आणि घरघर तर कितीतरी महिन्यांची. पण जुनी मुद्रणं छोटी होती, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे तर रेघ होती.

बायको संध्याकाळी आली तेव्हा ते दारातच उभे होते. "सापडला!"

"काय?"

"सत्त्याण्णव. इमारतीतच आहे. कुणाकडे तरी कसलं नवीन मशीन आलंय. तुला काही माहितीये?"

तिने चपला काढल्या, भिंतीला हात टेकला. "आज तीन बाळंतपणं झाली हो. एक बाई हातची जाता जाता राहिली. उद्या सांगा मला." आणि ती कपडे न बदलता आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारची जेवणं उरकून इमारत पेंगत होती. सिस्टर आत गाढ झोपली होती. सरांनी लॅपटॉप बॅटरीवर टाकला, मुद्रण सुरू केलं, आणि तीन मजले उतरून जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत गेले. मुख्य स्विच जड होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी खाली ओढला.

इमारत थांबली. अशी शांतता त्यांनी तिथे कधी अनुभवली नव्हती. कठड्याला धरून, पाऊल न वाजवता ते वर आले, दार लावलं, कानांवर बाहेरचं ऐकू न देणारे जाड हेडफोन चढवले आणि पडद्यासमोर बसले. आलेख दर थोड्या वेळाने नवा होत होता. उंच सुरांची गर्दी नको म्हणून त्यांनी तो दोनशेपर्यंतच ठेवलेला. पन्नासचा सुळका गेला. शंभरचा गेला. आणि सत्त्याण्णवची रेघ खचत खचत तळाला मिळाली.

आलेख सपाट झाला. लूपसरांनी श्वास रोखला आणि ऐकलं.

घर्रर्र.

होती तशीच होती. उलट बाकी काहीच नसल्यामुळे ती आता सगळ्या खोलीभर होती. ते पडद्याकडे बघत राहिले. पडदा म्हणत होता, काही नाही. त्यांनी आलेख उभा ताणला, शंभर पट, हजार पट. केसाएवढाही उंचवटा नाही. बॅटरी होती तोवर बघत राहायचं, कदाचित उगवेल, एवढंच त्यांच्या मनात होतं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. तळरेघ उसळू लागली; आत बायको हलतेय असं समजून ते वैतागले. आतलं दार उघडलं आणि बायको धावतच बाहेर आली, केस सुटलेले, अनवाणी. आलेखाची तळरेघ आणखी उसळली. सरांनी मान वळवली आणि चिडून ओठांवर बोट ठेवलं.

"शू!"

ती क्षणभर थांबली. त्यांच्याकडे, त्या बोटाकडे बघितलं. मग दार उघडून खाली धावली.

दार उघडंच राहिलं. थोड्या वेळाने दिवे लागले, फ्रिज घुरघुरला. लूपसरांनी हेडफोन काढले तेव्हा जिन्यातून माणसांचा गलका येत होता. ते खाली उतरले.

पहिल्या मजल्यावर शिंपीकाका राहत. इमारतीतल्या दोन पिढ्यांचे कपडे त्यांनी शिवलेले. त्यांच्या दारात पाचसहा जण जमले होते. आत पलंगावर काका अर्धे उठून बसलेले, ओठ निळसर, नाकावर मुखवटा. सिस्टरच्या एका हातात त्यांचं डोकं, दुसरा हात प्राणवायूच्या लोखंडी सिलिंडरच्या चावीवर. कोपऱ्यात प्राणवायू देणारं, छोट्या कपाटाएवढं एक पांढरं मशीन पुन्हा सुरू होऊन धापा टाकत होतं. काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. "चावी फिरेना हो मला. किती जोर केला. बेल मारायला वर आले तर बेल वाजेना. दार बडवलं, बडवलं..."

औषधवाले मीटरच्या खोलीतून वर आले. "स्विच उडाला नव्हता. कुणीतरी पाडला होता."

कुणी काही बोलायच्या आत लूपसर म्हणाले, "मी."

"तुम्ही? कशाला?"

"मुद्रण करायचं होतं."

एक जण अविश्वासाने हसला. औषधवाले हसले नाहीत. "सर, माणूस गेला असता."

"मला माहीत नव्हतं. मशीन आलंय हे मला माहीत नव्हतं."

"तीन आठवडे झाले काकांना दवाखान्यातून आणून. खुर्चीत बसवून आम्ही चौघांनी वर चढवलं. तुमच्या दारावर आलो होतो हात लावायला बोलवायला. तुम्ही आतूनच म्हणालात, नंतर या."

सिस्टर बाहेर आली. हात पुसत सगळ्यांना म्हणाली, "ठीक आहेत. गर्दी करू नका, वारा येऊ द्या." नवऱ्यासमोरून ती भिंतीसमोरून जावं तशी गेली.

घरी आल्यावर ती ओरडेल, रडेल, असं त्यांना वाटलं होतं. तिने साडी नीट केली, केस बांधले, पाणी प्यायली. मग म्हणाली, "तुम्ही मला गप्प राहायला सांगितलंत." आणि ड्यूटीची पिशवी घेऊन वेळेच्या आधीच निघून गेली.

मुद्रण अजून चालूच होतं. लूपसरांनी ते थांबवलं. पुसून टाकावं असं वाटलं, पण हात दुसरीकडेच गेला. त्यांनी आलेखाची दोनशेची मर्यादा काढली आणि पूर्ण मुद्रणाचा आलेख मागितला. उजवीकडे, तीन हजारांच्या जवळ, एक रेघ उभी होती. आजवर त्या घरात उमटलेल्या सगळ्या रेघांहून उंच. त्यांनी फाइल ऐकायला लावली. आधी शांतता. मग जमिनीखालून आल्यासारखी बारीक शिट्टी, थांबून थांबून. वीज गेली की ते मशीन अशीच शिट्टी देत असणार. मग त्या शिट्टीतून, लांबून, एका म्हातारीचा आवाज. "सिस्टर! सिस्टर, धावा हो!" मग जिन्यात घसटणारी पावलं. मग दारावर थापा. जवळ. अगदी इथे, पाठीमागे दोन हातांवर.

हे सगळं चालू असताना ते इथेच बसले होते, आणि ऐकत होते.

चार दिवस ते पहिल्या मजल्यावरून मान खाली घालून गेले. पाचव्या दिवशी दारावर टकटक केली. काकूंनी उघडलं, बाजूला झाल्या. काका खिडकीशी बसले होते, नाकात नळी, मांडीवर हात. ज्या हातांना कधी रिकामं बघितलं नव्हतं, ते नुसते पडलेले.

"काका, मी... माझ्याकडून..."

"बसा." काका प्रत्येक दोन शब्दांनंतर थांबत. "एक गंमत सांगू? हिला सांगू नका." काकू तिथेच उभ्या होत्या. "हे धूड बंद पडलं ना... पहिल्यांदा मला वाटलं, वा. काय शांतता. किती दिवसांनी माझं घड्याळ ऐकू आलं." ते हसले, हसताना खोकले. "मग श्वास अडकला. फुकटात काही मिळत नाही."

सरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. काकांनी ते न बघितल्यासारखं केलं. "तुम्हाला पण काहीतरी ऐकू येतं म्हणे."

"हो."

"सतत?"

"सतत."

काका बराच वेळ मशीनकडे बघत राहिले. "वाईट," ते म्हणाले. इतक्या महिन्यांत एवढंच कुणी म्हटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी लूपसर बायकोला म्हणाले, "तुझ्या त्या ओळखीच्या बाई. कधी असतात?"

कानाच्या डॉक्टरांकडे तपासणीची एक छोटी खोली होती, हातभर जाड भिंतींची, बाहेरच्या आवाजाचा कणही आत न येऊ देणारी. सरांना आत बसवलं, दार लावलं. सूर ऐकू आला की बटण दाबायचं होतं. ते बसले, आणि त्या खोलीत घरघर इतकी मोठी झाली, जितकी कधीच नव्हती. कुठे वायर नाही, मोटर नाही, रस्ता नाही. तेव्हाच त्यांना कळलं. तरी ते बटण हातात धरून शेवटपर्यंत बसून राहिले.

"तुम्ही खोटं बोलत नाही आहात," डॉक्टर बाई म्हणाल्या. "आवाज आहे. फक्त हवेत नाही. डावा कान खालचे सूर ऐकेनासा झालाय. मेंदूला ते बाहेरून मिळत नाहीत, मग तो स्वतःच वाजवत बसतो."

"जाईल?"

"काहींचा कमी होतो. काहींना सवय होते."

"आणि बाकीच्यांचं?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. "झोपेचं औषध देते. घरात अगदी शांतता ठेवू नका. पंखा असू दे, रेडिओ असू दे."

परतताना बसमध्ये दोघं शेजारी बसली. सिस्टर खिडकीबाहेर बघत होती. सर म्हणाले, "म्हणजे आता शोधायलाही काही नाही." आशा असते तोवर माणूस वेडा म्हणवून घ्यायलाही तयार असतो. आता तेही संपलं होतं. पुढची दहा वर्षं, वीस वर्षं, हा आवाज घेऊन कुठल्या वर्गात उभं राहायचं आणि कुठल्या उशीवर डोकं टेकायचं, एवढाच हिशेब त्यांच्या डोळ्यांसमोर येत राहिला.

ते शाळेत जाऊ लागले. घरात पंखा फिरू लागला, फ्रिज घुरघुरू लागला. भिंतीवरच्या चिकटपट्ट्या निघाल्या, त्यांच्याबरोबर रंगाचे पोपडेही निघाले. लेक फोनवर बोले, 'परीक्षा झाली की बघते' म्हणे. सिस्टर स्वयंपाक करी, औषधाची गोळी पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवी, आणि गरजेपुरतं बोले. त्या दुपारचं ते बोट दोघांच्या मध्ये अजून तसंच होतं.

एका संध्याकाळी ती ड्यूटीवरून आली, पाय धुतले, आणि खुर्ची ओढून त्यांच्या टेबलापाशी बसली. सर प्रश्नपत्रिका काढत होते.

"कसा आहे तो?" तिने विचारलं.

"कोण?"

"आवाज. मला ऐकवा."

"कसा ऐकवू? तो इथे..." त्यांनी कपाळाला हात लावला.

"तुमच्या त्या प्रोग्रॅममध्ये सूर वेगळे करता येतात ना. मग एखादा बनवता नाही येत?"

लूपसर तिच्याकडे बघत राहिले. आजवर त्यांनी आवाज फोडले होते. एकही बनवला नव्हता. त्यांनी नवीन पान उघडलं. पाचसहा ओळी पुरल्या. एक आकडा दिला की तेवढ्याचा सूर. शंभरपासून सुरुवात केली. हेडफोन कानाला लावून ऐकलं, मान हलवली. खाली आले. नव्वद. नाही, वर. आणखी थोडं वर. मग त्यात जरासा खरखरीतपणा मिसळला, जरासं कापरं. मध्येच डोळे मिटत, आतलं ऐकत, बाहेरचं ऐकत, पुन्हा आकडा बदलत. सिस्टर न हलता बसली होती. बाहेर अंधारून आलं, तिने उठून दिवा लावला आणि परत बसली.

एका क्षणी सरांचे हात थांबले. आतला कुठला आणि बाहेरचा कुठला, तेच त्यांना सांगता येईना.

"हा," ते म्हणाले. "हा असा."

त्यांनी हेडफोन काढून तिच्या कानांवर बसवले. केसांची एक बट अडकली ती सोडवली. मग सुरू केलं.

सुरुवातीला तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मग कपाळावर आठी आली. तिने ओठ घट्ट मिटले. ती सवयीने सरळ बसणारी बाई, पण हळूहळू तिचे खांदे कानांकडे चढत गेले, जसं थंडीत माणूस अंग आवळून घेतो. तिने त्यांच्याकडे बघितलं आणि आपला आवाज किती मोठा निघतोय हे न कळून जोरात विचारलं, "किती वेळ असतो हा?"

त्यांनी बोटाने हवेत एक वर्तुळ काढलं. एकदा, पुन्हा, पुन्हा.

तिचे डोळे भरले. सरांनी बंद करायला हात पुढे केला. तिने मानेनेच नको म्हटलं आणि त्यांचं मनगट धरलं. नाडी बघावी तशी तिची तीन बोटं तिथे टेकली. डोळे मिटून ती ऐकत राहिली.